वीजबचतीचे नियम आणि घराचा हक्क
दुकानदार, बांधकाम व्यावसायिक, घरमालक व भाडेकरू यांच्यासाठी

विजेची बचत करा, हा उपदेश आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आता तो नुसता उपदेश राहिलेला नाही. पंखा, फ्रीज, दिवा, तसेच मोठ्या इमारतींचे छप्पर आणि भिंती यांच्याबाबत कायदा झाला असून तो मोडणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साहजिकच जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव येथील विजेच्या सामानाचे दुकानदार, फ्लॅट बांधणारे व्यावसायिक आणि वाड्यातील खोल्या भाड्याने देणारे मालक यांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. घर माझे, पैसा माझा, बिलही मीच भरतो. मग कोणता पंखा लावावा आणि छप्पर कसे घालावे, हे सांगणारे शासन कोण? याच्या उलट बाजूनेही प्रश्न उभा राहतो. ज्याच्या डोक्यावर तापलेला पत्रा आहे आणि ज्याला स्वतःचे मीटरही मिळत नाही, त्याच्यावर नवे नियम लादले तर त्याच्या माणूस म्हणून जगण्याच्या हक्काचे काय?

या दोन्ही प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे मत आरंभीच सांगतो. वीजबचतीचा नियम आणि मानवी हक्क यांच्यात मुळात वैर नाही. वैर तेव्हा निर्माण होते, जेव्हा नियमाचा भार ज्याला तो पेलवत नाही त्याच्यावर टाकला जातो. सध्याच्या कायद्याने हा भार मुख्यतः कारखानदार, विक्रेता आणि मोठा बांधकाम व्यावसायिक यांच्यावर ठेवला आहे. तो पुढेही तिथेच राहावा, याकडे आपण सर्वांनी लक्ष ठेवले पाहिजे.

कायदा काय सांगतो?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरो ही केंद्रीय संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात या कायद्याचे काम महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, ही पुण्यातील संस्था पाहते. या कायद्याचे कलम १४ महत्त्वाचे आहे. कोणत्या उपकरणाने किती वीज खावी याचे प्रमाण ठरविणे, त्या प्रमाणात न बसणाऱ्या उपकरणाचे उत्पादन, विक्री, खरेदी व आयात थांबविणे आणि उपकरणावर तशी चिठ्ठी लावण्यास भाग पाडणे, असे अधिकार या कलमाने केंद्र शासनाला मिळाले आहेत. मोठ्या इमारतींसाठी बांधकामाची संहिता ठरविण्याचा अधिकारही त्यातच आहे.

ताऱ्यांच्या चिठ्ठीची योजना २००६ साली ऐच्छिक म्हणून सुरू झाली. जानेवारी २०१० पासून एअर कंडिशनर, फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आणि ट्यूबलाइट यांना ती सक्तीची झाली. एलईडी दिव्यांना १ जानेवारी २०१८ पासून आणि छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून ती सक्तीची आहे.

इमारतींचे नियम प्रथम कार्यालये आणि व्यापारी संकुले यांच्यापुरतेच होते. राहत्या घरांसाठी १४ डिसेंबर २०१८ रोजी इको-निवास संहिता जाहीर झाली. तिच्या पहिल्या भागात भिंती, खिडक्या आणि छप्पर यांतून घरात किती उष्णता यावी याची मर्यादा घातली असून हा भाग किमान ५०० चौरस मीटरच्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आहे. पुढे २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ जानेवारी २०२३ पासून अमलात आली. या दुरुस्तीने राहत्या इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. मात्र त्यासाठी इमारतीचा जोडभार १०० किलोवॅट किंवा करारातील मागणी १२० केव्हीए असावी लागते. राज्य शासनाला ही मर्यादा खाली आणता येते.

ही शेवटची बाब वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. चार खोल्यांचे कौलारू घर, दोन मजली बंगला, वाड्यातील बिऱ्हाड यांपैकी कोणाचाही भार १०० किलोवॅटच्या जवळपास जात नाही. त्यामुळे आजच्या घडीला जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील सामान्य घरांना इमारतीचा हा नियम लागू होत नाही. परंतु उद्या मर्यादा खाली आली तर तो कोणाला आणि कशा रीतीने लागू करावा, हा हक्काचा प्रश्न होईल.

घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत

आपल्या राज्यघटनेत ‘विजेचा हक्क’ असे शब्द कुठेही नाहीत. परंतु कलम २१ ने प्रत्येकाला जीविताचा हक्क दिला आहे आणि त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी विशद केला आहे. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या डिसेंबर १९९५ च्या निकालात न्यायालयाने निवाऱ्याचा हक्क म्हणजे केवळ डोक्यावर छप्पर नव्हे, असे स्पष्ट केले. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, उजेड, स्वच्छ हवा व पाणी, वीज, स्वच्छतेची सोय आणि रस्ता या गोष्टी न्यायालयाने निवाऱ्यातच मोजल्या.

भारताने १९७९ साली आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारनामा स्वीकारला. त्याच्या कलम ११ मध्ये पुरेशा घराचा हक्क आहे. या करारनाम्यावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीने १९९१ साली खुलासा केला की, स्वयंपाक, ऊब आणि उजेड यांसाठी लागणारी ऊर्जा हा पुरेशा घराचाच भाग आहे. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याचा करार भारताने १९९३ साली मान्य केला. त्यात ग्रामीण स्त्रियांना घर, पाणी आणि वीज यांची योग्य सोय मिळावी, असे स्वतंत्रपणे म्हटले आहे.

याच्या जोडीला दुसरी बाजूही आहे. मार्च २०२४ मध्ये एम. के. रणजितसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मधून निघतो, असे मान्य केले. मूळ वाद राजस्थान व गुजरातमधील माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्याविषयी होता. पण त्या निकालाचा अर्थ व्यापक आहे. पुढच्याच महिन्यात, ९ एप्रिल २०२४ रोजी, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडमधील वृद्ध महिलांच्या संघटनेच्या दाव्यात तेथील शासनाला हवामानाबाबत पुरेसे न केल्याबद्दल दोषी धरले. तात्पर्य असे की, शासनाने विजेची उधळपट्टी थांबविणे हेही आता हक्कांच्या रक्षणाचेच काम मानले जाते. एकाच हक्काच्या नावाने एक पक्ष ‘मला वीज द्या’ म्हणतो आणि दुसरा ‘वीज जपून वापरा’ म्हणतो. दोघांचेही खरे आहे.

तीन कसोट्या

मग नियम योग्य की अयोग्य हे ठरवावे कसे? खासगीपणाच्या हक्काविषयी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेला पुट्टस्वामी निकाल येथे उपयोगी पडतो. त्यातून सर्वसामान्य माणसाला तीन प्रश्न विचारता येतात. पहिला, या बंधनाला कायद्याचा आधार आहे काय, की ते नुसते साहेबांचे तोंडी फर्मान आहे? दुसरा, त्यामागे योग्य असा सार्वजनिक हेतू आहे काय? तिसरा, हेतूच्या मानाने त्याचा जाच जास्त तर होत नाही ना?

मालमत्तेविषयी घटनेचे कलम ३००-अ आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, असे ते सांगते. परंतु मालमत्ता काढून घेणे वेगळे आणि तिच्या वापराला नियम घालणे वेगळे. नळाला मीटर लावा, जिन्याला कठडा ठेवा, असे नियम आपण मान्य करतोच.

धंद्याच्या स्वातंत्र्याचेही तसेच आहे. कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला व्यापाराचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच कलमाने जनहितासाठी वाजवी बंधने घालण्याची मुभा शासनाला दिली आहे. आपल्या भागाला हे नवे नाही. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात विजेच्या गोंगाटाचा अडथळा येऊ नये म्हणून आसपासच्या परिसरात कारखाने काढण्यावर बंधने आहेत. त्यांची झळ तरुणांच्या रोजगाराला बसते, ही तक्रार जुनी आहे. सार्वजनिक हेतू कितीही चांगला असला तरी त्याची किंमत कोण मोजतो हे पाहावे लागते, याचे हे घरचेच उदाहरण होय.

दुकानदाराने काय जपावे?

आता व्यवहाराकडे वळू. प्रथम छताच्या पंख्याचा हिशेब मांडू. जुना साधा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा साधारण ३० वॅट घेतो. रोज बारा तास चालल्यास जुन्या पंख्याला महिन्याला २७ युनिट लागतात आणि नव्याला ११ युनिटांहून थोडे कमी. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटांची बचत होते. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना कमी दर असतो आणि १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात तो बराच वाढतो. ज्या कुटुंबाचा वापर ११० युनिट आहे, ते केवळ एक पंखा बदलून पुन्हा स्वस्त टप्प्यात येऊ शकते. गिऱ्हाइकाला ताऱ्यांचे महत्त्व सांगताना हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. वाद घालण्यापेक्षा तो लवकर पटतो.

कायद्याच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी. घरात जुना पंखा फिरत आहे म्हणून घरमालकावर कोणीही खटला भरू शकत नाही. कायद्याचा रोख उत्पादन, आयात आणि खरेदी-विक्री यांवर आहे. म्हणून जबाबदारी दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत येते. ठोक व्यापाऱ्याकडून स्वस्तात येणारा बिनचिठ्ठीचा माल, खोटी चिठ्ठी डकवलेला माल आणि मुदत संपलेल्या चिठ्ठीचा माल यांपासून सावध राहावे. चिठ्ठीवर कंपनीचे नाव, मॉडेल, ताऱ्यांची संख्या आणि चिठ्ठीचा काळ छापलेला असतो. तो ब्युरोच्या मोबाइल ॲपवर पडताळून पाहता येतो. खरेदीचे पक्के बिल मॉडेलच्या नावासह जपून ठेवावे. माल कोठून आला हे दाखविता आले तरच आपली बाजू मांडता येते.

येथे दुकानदाराचाही हक्क आहे, हे विसरू नये. प्रमाण ठरविल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी विक्रीबंदी करता येऊ नये म्हणून कायद्यातच मुदतीची तरतूद ठेवलेली आहे. दंड ठोठावण्यापूर्वी संबंधिताचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे आणि निर्णयाविरुद्ध अपील करता येते. वर सांगितलेल्या तीन कसोट्यांवर हा नियम बऱ्याच अंशी उतरतो. त्याला कायदा आहे, हेतू आहे, मुदत आहे आणि सुनावणीही आहे. उणीव एकाच ठिकाणी दिसते. चांगला पंखा महाग असतो आणि रोजंदारीवरच्या माणसाला आज खिशातून जाणारा पैसा वर्षभराच्या बचतीपेक्षा मोठा वाटतो. शासनाने जानेवारी २०१५ मध्ये सुरू केलेल्या उजाला योजनेत स्वस्त दरात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, बाजारातही त्यांची किंमत उतरली आणि साधा बल्ब आपोआप मागे पडला. कोणालाही नोटीस काढावी लागली नाही. पंख्याच्या बाबतीत हप्त्याने विक्री करणारा गावातला दुकानदारही आपल्या परीने हे काम करू शकतो.

बांधकाम व्यावसायिकांसाठी

नारायणगाव आणि मंचर यांसारख्या वाढत्या गावांत मोठ्या गृहसंकुलांचे आराखडे करणाऱ्यांनी इको-निवास संहिता आजच वाचून घ्यावी. तिच्यात छपरातून येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे. उघड्या पत्र्याचे छप्पर त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर जाते आणि नुसती काँक्रीटची स्लॅबदेखील वर उष्णतारोधक थर दिल्याशिवाय तिच्यात बसणे कठीण असते. भिंतींसाठी आणि खिडक्यांसाठी वेगळी मर्यादा आहे. पश्चिमेकडे मोठी उघडी काच ठेवली तर ती ओलांडली जाते. खिडकीवर खोल छज्जा दिला तर आटोक्यात राहते.

खरे पाहता यात आपल्याला परके असे फारसे नाही. दगडी जोते, जाड भिंती, कौलारू छप्पर, मधला चौक आणि पुढची पडवी अशा रचनेत आपल्या जुन्या वाड्यांनी उन्हाळा पंख्याविना काढला. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण पातळ भिंती आणि उघड्या स्लॅबा पत्करल्या व मग त्या थंड करण्यासाठी यंत्रे विकत घेतली. संहिता राज्याच्या हवामानाप्रमाणे बदलून घेण्याची मुभा कलम १५ ने राज्य शासनाला दिली आहे. स्थानिक वीट, दगड आणि कौल यांना त्यात योग्य स्थान मिळावे, अशी मागणी येथील गवंडी, अभियंते व व्यावसायिक यांनी एकत्र येऊन करण्यासारखी आहे.

वाड्याचे मीटर आणि भाडेकरूचे बिल

सर्वांत नाजूक प्रश्न भाडेकरूंचा आहे. छप्पर सुधारण्याचा खर्च मालकाने करायचा आणि कमी झालेले बिल भाडेकरूने उपभोगायचे, अशी स्थिती असल्याने दोघेही हात बांधून बसतात.

परदेशात यावर कायद्याने तोड काढली आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ च्या नियमांनुसार १ एप्रिल २०१८ पासून ठरावीक दर्जाखालील घर नव्याने भाड्याने देता येत नाही. फ्रान्सने २०२१ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून सर्वांत खालच्या दर्जाची घरे नव्याने भाड्याने देण्यास मनाई केली. मालकांच्या मालमत्तेचा हक्क युरोपीय मानवी हक्क कराराने रक्षिलेला आहे. इंग्लंडच्या नियमांनी त्याची दखल घेत मालकावरील खर्चाला साडेतीन हजार पौंडांची मर्यादा घातली आणि त्यापुढे सूट दिली. खर्चाला मर्यादा, तयारीला मुदत आणि अडचण असल्यास सूट या तीन गोष्टींमुळे नियम हक्कांशी सुसंगत ठरायला मदत होते. त्याची नक्कल आपल्याकडे जशीच्या तशी करणे मात्र धोक्याचे ठरेल. दुरुस्तीचे निमित्त करून जुन्या भाडेकरूला बाहेर काढण्याचा मार्ग त्यातून मोकळा होऊ शकतो.

आपल्याकडे पहिली गरज आहे ती स्वतंत्र मीटरची. समजा, एका वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाचा वापर महिन्याला ६० युनिट आहे. मीटर एकच असेल तर एकूण वापर २४० युनिट होतो आणि त्यातील १४० युनिटांना चढा दर लागतो. तीच चार बिऱ्हाडे आपापल्या मीटरवर असतील तर प्रत्येकाचे सर्वच्या सर्व ६० युनिट स्वस्त टप्प्यात बसतात. प्रत्येक मीटरला स्थिर आकार वेगळा पडतो हे खरे. तो धरून हिशेब करावा. तथापि काटकसरीने राहणाऱ्या कुटुंबाला केवळ मीटर नसल्यामुळे चैनीच्या टप्प्यातला दर मोजावा लागणे, हे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही.

कायदा येथे भाडेकरूच्या बाजूने आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा भोगवटादार यांच्यापैकी कोणीही अर्ज केला तर वीज देणे कंपनीचे कर्तव्य आहे. ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार अर्ज पूर्ण असल्यास नवी जोडणी नगरपालिका क्षेत्रात सात दिवसांत, ग्रामीण भागात पंधरा दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात तीस दिवसांत द्यावयाची आहे. मालक ‘ना हरकत’ देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सांगितले. भाडेकरूने ताबा कायदेशीर असल्याचे दाखविले म्हणजे पुरे. ज्या ठिकाणी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, तिथे मालकाला योग्य कारणाशिवाय वीज-पाणी तोडता येत नाही. घरमालकांनीही हे जाणून घ्यावे. वीज तोडून जागा रिकामी करून घेण्याचा मार्ग न्यायालयात टिकत नाही, उलट मालकच अडचणीत येतो.

पश्चिम पट्ट्यातील घरे

भीमाशंकर अभयारण्य आणि डिंभे धरणाच्या फुगवट्याभोवतीची गावे आणि जुन्नरचा पश्चिम भाग येथे प्रश्न वेगळ्या तऱ्हेने समोर येतो. दोन्ही तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा ठिकाणी बचतीची भाषा करण्याआधी वीज पोचली पाहिजे आणि ती टिकली पाहिजे. जंगलातून तार नेण्यास परवानगी मिळत नाही, हे कारण पुष्कळदा दिले जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्येच वीजवाहिनी, शाळा, दवाखाना अशा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देण्याची तरतूद आहे. तोडावयाची झाडे हेक्टरी ७५ पेक्षा जास्त नसावीत, इतकीच अट आहे. ग्रामसभेने ठराव करून पाठपुरावा करावा.

३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर शासनाने आमडे येथे नवे गाव वसवून २०१७ साली ते ग्रामस्थांच्या हवाली केले. शासन स्वतः घर बांधून देते तेव्हा बचतीच्या नियमांची पहिली जबाबदारीही शासनाचीच असते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला २०१६ पासून सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये असे साहाय्य ठरले. एवढ्या पैशांत भिंती उभ्या करणेही जड जाते. तिथे छप्पर उष्णतारोधक हवे असेल तर त्याचा पैसा साहाय्याच्या रकमेत वेगळा मिळाला पाहिजे. तो न देता अट घालणे म्हणजे घर नाकारणेच होय.

चुलीचेही असेच आहे. सरपण कमी लागावे आणि धूर घरात राहू नये म्हणून १९८० च्या दशकात निर्धूर चुलींची मोठी राष्ट्रीय मोहीम निघाली. उद्दिष्टांचे आकडे गाठले गेले, पण पुष्कळ चुली लवकरच मोडल्या किंवा वापरात राहिल्या नाहीत, कारण रांधणाऱ्या बाईला काय हवे हे फारसे कोणी विचारले नव्हते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी मिळाली, तरी सिलिंडर भरून आणण्याचा खर्च उरतोच.

या दोन्ही तालुक्यांना बिबट्याचा प्रश्न आहे. उसाच्या कडेला वस्ती असलेल्या कुटुंबाला अंगणातला दिवा रात्रभर लागतो. शेतीपंपाला दिवसा वीज द्यावी, ही जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूरच्या शेतकऱ्यांची मागणी त्याच भीतीतून आली आहे. अंगणातला ६० वॅटचा जुना बल्ब रोज बारा तास जाळला तर महिन्याला सुमारे २२ युनिट होतात. ९ वॅटचा एलईडी लावला तर सव्वातीन युनिटांपेक्षा जास्त होत नाहीत. अशा कुटुंबाला ‘दिवा मालवा’ असे सांगणे हक्काच्या विरुद्ध आहे. त्याला कमी विजेचा दिवा देणे म्हणजे वीजही वाचविणे आणि जीवही वाचविणे. वीजबचत आणि मानवी हक्क यांचा मेळ कसा घालावा, याचे याहून सोपे उदाहरण आम्हांस दिसत नाही.

दाद कोठे मागावी?

वीजजोडणी अडविली, चुकीचे बिल आले किंवा थकबाकीसाठी वीज तोडण्याची वेळ आली तर प्रथम महावितरणच्या कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देणे कलम ५६ नुसार बंधनकारक आहे. तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल अशा पायऱ्या आहेत. खोटी चिठ्ठी असलेले उपकरण माथी मारले गेले असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. शासकीय यंत्रणेने हक्कांची पायमल्ली केली असेल तर राज्य मानवी हक्क आयोग आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाचे नागरिक यांना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

शेवटी एक सूचना. राज्य शासन उद्या १०० किलोवॅटची मर्यादा खाली आणण्याचा विचार करील, तेव्हा हरकती व सूचना मागविल्या गेल्यास आपल्या भागातून त्या गेल्या पाहिजेत. लहान घरांना सूट, जुन्या बांधकामांना मुदत, मालकाच्या खर्चाला मर्यादा, भाडेकरूला संरक्षण आणि गरिबाच्या घराला साहाय्य या पाच गोष्टी त्यात लेखी मागाव्यात. व्यापारी संघटना, ग्रामपंचायती आणि गृहनिर्माण संस्था यांनी आतापासूनच तसा ठराव करून ठेवल्यास ऐन वेळी धावपळ होणार नाही.